निळ्या पाण्यातला थेंब

‘नाही’ म्हणायच्या आधी सखाबाईनं नवऱ्याकडे बघितलं होतं. अर्धा सेकंद, फार तर पाऊण. प्रश्न माझा होता, आणि तो फॉर्मवर छापलेलाच आहे : यापूर्वी रक्त चढवलं होतं का? पुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. तिसरा चौकोन नाही. एखाद्या बघण्याची नोंद करायला कुठल्याच फॉर्मवर जागा नसते. मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली, तिच्या पलंगाशी उभी राहूनच नळीवर तिचं नाव लिहिलं, कारण नियम तसा आहे, आणि खाली रक्तपेढीत आले. याला आज अकरा दिवस झाले. त्या दिवशी तिचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ होतं. आज सकाळी ते तीन पूर्णांक नऊ आहे, आणि मधल्या दिवसांत आम्ही तिला रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या आहेत.

माझी चूक शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. गट बरोबर होता, ओ पॉझिटिव्ह. जुळणीची चाचणी पूर्ण केली होती, घाईचं निमित्त करून अर्ध्यात सोडली नव्हती. जुळणीच्या कार्डाचा फोटोही आहे माझ्याकडे, दोन्ही पिशव्यांचा, स्वच्छ. पहिले सहा दिवस ती सुधारत होती. ज्यासाठी ती भरती झाली तो न्यूमोनिया उतरत होता, हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चारवर गेलं होतं. सातव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि लघवीच्या पिशवीत कोऱ्या चहाचा रंग दिसला. आठव्या दिवशी मी तिच्या रक्ताची नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली, तर वर पिवळसर पाणी असायला हवं तिथे लाल होतं. रक्त नळीत फुटलं नव्हतं. तिच्या अंगातच फुटत होतं. शरीर विसरत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. एकदा परकं रक्त आलं की त्याच्याविरुद्ध ते प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, बनवून ठेवतं. वर्षं गेली की ती इतकी कमी होतात की आमच्या चाचणीत दिसत नाहीत, चाचणी सांगते जुळलं, पिशवी वर जाते, आणि आठवडाभरात शरीराला सगळं आठवतं. कधी कधी आठवण्याच्या भरात ते परकं आणि आपलं हा फरकही धरत नाही. सखाबाईच्या शरीरानं आम्ही दिलेलं तर फोडलंच, आता तिचं स्वतःचंही फोडत होतं. पण त्यासाठी आधी एकदा तरी परकं रक्त आलेलं असायला हवं, आणि चौकोनात खूण ‘नाही’वर होती. मुलांमुळेही असं होतं, गरोदरपणात. मी तिथेच थांबले. म्हणजे मला तिथे थांबता आलं असतं, ते बघणं नसतं तर.

सातच्या खाली गेलं की रक्त द्यायचं, हा आकडा वरच्या, आयसीयूतल्या लोकांचा. कॉलेजात असताना मला वाटायचं, रक्त कमी झालं की रक्त द्यायचं, इतकी ही गोष्ट सरळ असणार. मग वाचलं की पूर्वी दहाच्या खाली गेलं की देत. नंतर कोणीतरी अत्यवस्थ रुग्णांचे दोन गट केले, एकाला दहाशी दिलं, दुसऱ्याला सातपर्यंत थांबवलं, आणि थांबवलेले लोक काही जास्त मेले नाहीत. गणित सुटल्यासारखा आनंद झाला होता मला तेव्हा. दुसऱ्याचं रक्त म्हणजे देणगी बिणगी नंतर, आधी ते औषध, लागेल तेवढंच. पण सात हा आकडा जितका टणक वाटतो तितकं आमचं यंत्र टणक नाही. त्यात दोनतीन दशांशांचा फरक येतोच. तीच नळी मी दहा मिनिटांनी पुन्हा लावली असती तर सहा पूर्णांक आठच्या जागी सात पूर्णांक एक आलं असतं कदाचित. मग आयसीयूतल्या डॉक्टर मनिष सरांनी रक्त मागवलं नसतं. मग ती आज पलंगावर उठून बसली असती, किंवा नसती. आकडा आला तेव्हा मी तो फोनवर दोनदा म्हटला होता, नीट ऐकू जावा म्हणून. सहा पूर्णांक आठ. सहा पूर्णांक आठ. आता तो हायवेच्या ट्रकसारखा डोक्यातून जातो, दिवसभर, लांबून येताना वेगळा आणि गेल्यावर वेगळा.

सकाळी मी नमुना घ्यायला वर गेले होते. आता तिचं रक्त आम्ही लहान मुलांसाठीच्या बारीक नळीत घेतो, म्हणजे तपासण्यांनीच ती आणखी रिकामी होऊ नये. मास्कच्या आत तिचा श्वास भरभर चालला होता. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेला चिमटा सारखा निसटत होता, तो बसवताना मी तिचं बोट धरलं. टोकाला अगदी गुळगुळीत होतं, घासलेल्या भांड्यासारखं. रेघाच नव्हत्या त्यावर. मला ते विचित्र वाटलं आणि पुढच्या क्षणी शीर शोधण्यात मी ते विसरलेही. तिनं पिवळे डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

“पोरी, देनार म्हनतं, अन् काढूनच राहिली तू तं,” ती मास्कमधून म्हणाली. तिला हसायचं होतं बहुतेक.

मी म्हटलं, “एवढंसंच, मावशी.”

“उषा आली का?”

उषा कोण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ‘येईल’ असं मी म्हटलं. न कळता दिलेलं आश्वासन, असं आम्ही दिवसातून कितीदा देतो ते कोणी मोजत नाही.

दहाच्या सुमाराला इतवारी, तिचा नवरा, टेम्पो भरून माणसं घेऊन आला. करडीकडचे ते ढिवर, तलावावर मासेमारी करणारे. त्यांच्या संस्थेनं आज जाळी टाकलीच नव्हती. अकरा जण रक्तपेढीच्या बाकावर आणि बाकापाशी जमिनीवर बसले आणि खोलीत ओल्या दोराचा वास आला. इतवारी माझ्यासमोर उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना सरळ, हजेरीला उभा राहिल्यासारखा.

“मॅडम, अकरा जन आनले. ज्याचं लागते त्याचं घ्या. दोघातिघाचं मिसळून घ्या पाहिजे तं.”

“मिसळून नाही घेत, काका.”

भय्याजी, आमचे जुने टेक्निशियन, आतून ओरडले, “इतवारी, झिंगे कुठं हायेत बे माहे? मागच्या हप्त्यात बोलला होता.”

“आनतो नं जी. हे एकडाव घरी येऊ द्या, टोपलंभर आनतो.”

भय्याजी परत यंत्राकडे वळले. त्यांनी सकाळचा आकडा पाहिला होता.

बाकावरच्या अकरांत बाई एकच होती. अंगानं काटक, पन्नाशीच्या अलीकडची, पदर कमरेला घट्ट खोचलेला. शेजारच्या माणसाकडे बोट करून ती मला म्हणाली, “ह्या कैलाशचं नको घेऊ वो पोरी, त्याच्यातून अर्धी मोहाचीच निंगन.” सगळे हसले, कैलाशही हसला, आणि लगेच सगळे वरच्या मजल्याच्या जिन्याकडे बघून थांबले. मी नावं लिहायला घेतली. तिची पाळी आली.

“उषाबाई परसराम नान्हे,” ती म्हणाली. “सखी माही जाऊ लागते. लहानी.”

माझा पेन थांबला. आमच्या फ्रीजशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली आहे. ज्यांच्या रक्तात असली प्रथिनं सापडली आणि ज्यांना पुन्हा कधी रक्त देताना आधी नागपूरच्या मोठ्या रक्तपेढीला विचारायला हवं, अशा लोकांची. चार नावं आहेत. मी नोकरीला लागले तेव्हा ती यादी चहाच्या डागांनी भरलेली होती, म्हणून मीच ती सुवाच्य अक्षरात नव्यानं उतरवली. उतरवताना ‘नान्हे’ लिहून मी एक क्षण थांबले होते, कारण मूळ कागदावर ‘न्हे’ पुसट होता. तिसरं नाव. उषाबाई परसराम नान्हे, ओ पॉझिटिव्ह, मुक्काम तोच. सहा वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या ऑपरेशनला तीन पिशव्या दिल्या, चौथी जुळली नाही.

मी म्हटलं, “उषाबाई, सहा वर्षांपूर्वी तुमचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं ना, इथंच?”

“माहं? माही पिशवी तं माह्याच पोटात हाय, बापा,” ती हसत म्हणाली, आणि मग थांबली. तिनं इतवारीकडे बघितलं. अर्धा सेकंद, फार तर पाऊण. तेच बघणं. मला वाटलं, मी हे बघणं अकरा दिवस खिशात घालून फिरत होते आणि आता कोणीतरी त्याची जोडी माझ्यासमोर ठेवली.

इतवारी खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, केस तं नाही होनार नं?”

“कसली केस, काका? काय झालं होतं ते सांगा. मला आत्ता कळायला हवं.”

“मी सांगतो,” उषाबाई म्हणाली. “हिचं बोटच उमटे नाही त्या मशीनवर. मी बजारात बसतो, विकतो. हे लहानपनापासून जाळं ओढते, साऱ्या रेघा घासून गेल्या. चारडाव गेली ते इलाजाचं कार्ड बनवाले, चारडाव वापस. मशीन म्हने बोट नाही. आता बोट नाही म्हंजे मानूस नाही. अन् इकडं हिले महिनाभर अंगावरून जाऊन राहिलं. माहं कार्ड होतं. मी अंगठा देल्ला, पलंगावर हे झोपली. आठ दिवस नर्सबाया हिले उषाबाई म्हनत अन् मी बाहेर बसून ओ देऊ. हासू ये आमाले.”

“आणि मी विचारलं तेव्हा?” मी इतवारीला म्हटलं. “मी विचारलं होतं, आधी रक्त दिलंय का.”

तो गोंधळला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, ती असती तर मला सोपं गेलं असतं. “ते रगत तं उषावहिनीच्या नावावर होतं नं, मॅडम. हिच्या नावावर काहीच नोतं. औंदा हिचं कार्ड झालं, डोये पाहून करते म्हनत आता. पहिल्यांदा हे सोताच्या नावानं भरती झाली. म्हटलं, आता सारं साफ ठेवू. जुनं कायले काढाचं.”

म्हणजे स्वतःच्या नावानं आली म्हणून ती आमच्या यादीत सापडली नाही. मी कपाटाचं दार उघडलं आणि माझं सुवाच्य अक्षर बघत राहिले. अकरा दिवसांपूर्वी हेच दार दिवसातून तीसदा उघडलं असेल मी. त्या नावाखालून हात घालून तिच्या जुळणीचं कार्ड बाहेर काढलं. त्या दिवशी मी एवढंच म्हणायला हवं होतं की मावशी, त्यांच्याकडे कशाला बघता, मला सांगा. पाच शब्द, सात शब्द. मनिष सरांना फोन केला. ते म्हणाले, नागपूरला जुनी नोंद कळव. कळवली. तिचा नमुना त्यांच्याकडे आधीच पोचला होता. नागपूरची मुलगी माझ्याच वयाची असावी. म्हणाली, दोन अँटिबॉडी आहेत, दोन्ही टाळून पिशवी शोधून राहिलो आम्ही, उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो. मी विचारलं, आज? ती म्हणाली, ताई, आज तर नाही.

नियमाप्रमाणे रक्तदात्याचं आधी वजन, मग हिमोग्लोबिन, मग बाकीचं. मी उलट केलं. असं रक्त शंभरात एखाद्याचं मिळणार, तर आधी जुळणारा माणूस शोधावा, बाकी मग, असं मला वाटलं. अकरांच्या बोटांतून थोडं थोडं घेतलं. सहा जण ओ निघाले. सहाही जणांच्या पेशी सखाबाईच्या त्या लाल पाण्यात मिसळून कार्डावर घातल्या आणि सदतीस अंशांवर ठेवल्या. पंधरा मिनिटं. मग यंत्रात फिरवायच्या, दहा मिनिटं. या कार्डात सहा बारीक नळ्या असतात, त्यांत जेली. रक्त जुळत नसेल तर पेशी एकमेकींना धरून वरच अडकतात, लाल रेघ होऊन. जुळत असेल तर सुट्या सुट्या जेलीतून खाली उतरतात आणि तळाशी ठिपका होतो. खाली बसलं ते चांगलं.

खाली बसलं ते चांगलं, हे मला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. सानगडीला, आमच्या गावी, पेरणीच्या आधी बाबा मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, मिठाचं पाणी करत. त्यात धानाचं बी ओतत आणि हातानं एकदा ढवळत. भरलेलं बी तळाशी जाई, पोचट वर येई. बाबा वरचं ओंजळीनं काढून अंगणात फेकत आणि कोंबड्या धावत येत. मी सातआठ वर्षांची असेन. वर आलेलं बी वाईट कशावरून, असं मी सारखी विचारायचे. पेरून बघितलं का कधी? एका वर्षी बाबांनी माझ्यासाठी मूठभर पोचट बी घराच्या मागं ओल्या मातीत टाकलं. मी रोज बघायला जायचे. काही उगवलं नाही. बाबा म्हणाले, “पाहा, झालं समाधान?” समाधान झालं नव्हतं. पण मी विज्ञानाला गेले त्याचं कारण तेच असावं, की बाबांनी मला नुसतं सांगितलं नाही, पेरू दिलं. पुढे कॉलेजात निळ्या पाण्याची चाचणी शिकवली तेव्हा मला हसू आलं. मोरचुदाचं पाणी, ठरावीक घनतेचं. त्यात बोटाचा थेंब सोडायचा. रक्त भरलेलं असेल, साडेबाराच्या वर, तर थेंब बुडतो. नाहीतर वर थांबतो. आमच्या वर्गात तेवीस मुली होत्या. पंधराजणींचे थेंब वर राहिले, त्यांत माझा होता. सर म्हणाले, “तुम्ही पोरी काय रक्तदान करता!” आणि आम्ही सगळ्या हसलो. अंगणातल्या कोंबड्या आठवून मी जरा उशिरा थांबले.

यंत्र थांबलं. मी कार्ड काढून खिडकीपाशी नेलं. पाच नळ्यांत लाल रेघ वर, पक्की. सहाव्या नळीत वर काहीच नव्हतं. तळाशी ठिपका होता, एखाद्या पेननं टेकवल्यासारखा नेमका. मी कार्ड भय्याजींना दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्यांजवळ नेलं.

“हे कोनाचं?” ते म्हणाले.

“उषाबाईचं.”

“जावेचं? रक्ताचं नातं ना गोतं.” ते खुर्चीत बसले. “आता काय म्हनाचं याले.”

मला त्या वेळी काय वाटलं ते मी नंतर आठवायचा प्रयत्न केला आहे. आनंद होता, पण त्याच्या कडेला काहीतरी थंड होतं, कारण क्रम उलटा केला आहे हे मला माहीत होतं. बाहेर उषाबाईच्या खालच्या पापण्यांच्या आतला फिका रंग मी नाव लिहितानाच बघितला असणार. डोळ्यांना सवय असते. दिसतं आधी, आणि आपण त्याची नोंद घेत नाही, कारण फॉर्मवर त्या ओळीला अजून वेळ असतो.

मी तिला आत बोलावलं. “जुळलं,” एवढंच म्हटलं. ती खुर्चीत बसायच्या आधीच बाही वर करायला लागली. इतवारी दारात आला. तिनं त्याला सांगितलं, “सांग जा सखीले, उषाचं रगत येऊन राहिलं म्हनाव. मागं माहं नाव घेऊन झोपली, आता हेबी घे म्हनाव.” तो जिन्याकडे पळाला. मी त्याला थांबवायला हवं होतं. मी तिचं मधलं बोट टोचलं, नळीनं थेंब उचलला आणि निळ्या पाण्यावर सोडला.

थेंब वर राहिला.

पाण्याखाली थोडा जाऊन परत आला आणि थांबला, गोल, गडद. मी पंधरापर्यंत मोजलं. मग यंत्रावर बघितलं. आठ पूर्णांक सात. दोन दशांशांचा फरक धरला तरी आठ पूर्णांक नऊ. वर धरा, खाली धरा, काहीही धरा. मी मनिष सरांना फोन केला. सर, एक जुळतेय. कोण? जाऊ. मग घ्या की लवकर. तिचं स्वतःचं आठ पूर्णांक सात आहे. पलीकडे मॉनिटरचा आवाज येत होता, भरभर. सर म्हणाले, “गुंजन, तिचं साडेतीनशे मिली काढलं तर ती पडेल, आणि हिला त्यातून किती मिळणार? पाऊण ग्रॅम? तेही टिकलं तर.” मी म्हटलं, हो. मला तो गुणाकार आधीच येत होता. मी फोन ठेवला.

“काय झालं?” उषाबाईनं विचारलं.

“तुमच्यातच रक्त कमी आहे, मावशी. घेता नाही येणार.”

“कमी म्हंजे? मी चालतो, फिरतो, टोपलं डोक्यावर घेऊन चार कोस जातो.”

“तरी.”

“थोडंसंच घे. अर्धं घे.” मी मान हलवली. ती माझ्या टेबलावरच्या निळ्या पाण्याकडे बघत राहिली. तिला प्रकार कळला होता, पाण्यात काय बुडतं आणि काय नाही हे तिला मी सांगायची गरज नव्हती. मग तिनं उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला, सरळ, वर करून.

“ह्या बोटानं घे,” ती म्हणाली. “हेच देल्लं होतं तवा. तवा चाललं, आता काहून नाही चालत?”

अंगठ्यावर रेघा होत्या. दाट, गोल, एकीतून एक निघालेल्या, कुठंही न तुटलेल्या. कुठल्याही यंत्रानं आनंदानं घेतला असता असा अंगठा. बोट कुठलंही असलं तरी रक्त तेच, हे मी तिला सांगू शकले असते. मी नवीन सुई काढली आणि अंगठा टोचला. थेंब सोडला. पेरून बघितल्याशिवाय मला कधीच समाधान होत नाही.

तो वर आला आणि थांबला. मी मोजायला लागले. शेजारच्या खोलीत आयसीयूचा फोन वाजला आणि भय्याजी उठल्याचा आवाज आला. दहा, अकरा. भय्याजी नुसते “हो” म्हणाले, मग थोड्या वेळानं पुन्हा “हो”. तेरा. उषाबाई टेबलावर वाकली होती, तिचा श्वास निळ्या पाण्याला लागत होता. चौदा, पंधरा.

पंधरानंतरचं मोजायचं नसतं. पंधरानंतर थेंबाभोवती तांब्याची साल जमते, तो जड होतो आणि कोणाचाही थेंब बुडतोच, भरलेल्याचा आणि पोचटाचाही. ते पुस्तकात तळटिपेत दिलेलं आहे. थेंब हलला. आधी जागच्या जागी फिरला, मग सावकाश, एका सरळ रेषेत, खाली जायला लागला आणि तळाशी जाऊन बसला.

“बुडला!” उषाबाई ओरडली. तिनं माझं मनगट धरलं, टोचलेल्या अंगठ्याचं रक्त माझ्या बाहीला लागलं. “बुडला वो बाई! इतवारी, अबे पाहा, बुडला!”

भय्याजी दारात येऊन उभे होते. हातातला चष्मा ते सदऱ्याला पुसत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. जिन्यावरून कोणीतरी खाली येत होतं, हळू, एकेक पायरी थांबत. मी तिचा हात सोडवला नाही. मोजत राहिले. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.